गारगोटीत सोनं शोधताय? या चुका टाळा

भाचा दतियाकडे लग्नाला गेला होता. येताना आहेराऐवजी पिशवीभर गारगोट्या घेऊन आला. "मामा, बघा, सोन्याचे कण आहेत." ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात दोन-तीन वर्षांनी कोणीतरी अशी पिशवी आणतंच. ती आधी सराफ्यात फिरते, मग माझ्याकडे येते. मी शाळेत भूगोल शिकवायचो, एवढाच माझा अपराध. चुकाही ठरलेल्याच असतात.

पहिली चूक चमकीला भुलण्याची. अभ्रक चमकतं, सोनामाखी (पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज) तर सोन्यापेक्षा जास्त चमकते. एक सुई घ्या. सोनं मऊ असतं, सुईने त्याला खड्डा पडतो पण ते तुटत नाही. सोनामाखीचा चुरा होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. दगड सावलीत फिरवून पाहा. सोन्याचा रंग तसाच राहतो, सोनामाखीची चमक मात्र बाजू बदलली की विझते. टाइलीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी उमटते, सोनामाखीची हिरवट काळी. तेजाबाची बाटली घरात उघडायची काही गरज नाही.

वजनाचा फरक याहून बोलका असतो. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, सोनामाखी साधारण पाचपट, गारगोटी २.६५ पट. झारेकरी सराफांच्या दुकानांतला केर धुऊन सोनं काढतो, ते याच फरकावर. तुम्हीही दगड कुटून परातीत धुऊ शकता, पण कुटताना तो ओला ठेवा आणि तोंडाला फडकं बांधा. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात कायमची बसते.

याच्या उलटही चूक होते: सोनामाखी निघाली म्हणून पिशवी उकिरड्यावर. अनेक खाणींत सोनं सोनामाखीच्या आतच, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी अडकलेलं असतं. गंजून लालसर झालेला, मधाच्या पोळ्यासारखा भोकं पडलेला दगड दुधासारख्या स्वच्छ गारगोटीपेक्षा जास्त लक्ष देण्यासारखा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गारगोटी दिसली की सोनं आलंच, असं धरून चालणं. ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना ग्रॅनाइटच्या सपाटीतून ईशान्य-नैऋत्य दिशेने जाणाऱ्या गारगोटीच्या लांबच लांब टेकड्या दिसतात. बुंदेलखंडातल्या कित्येक जुन्या तलावांचे बांध याच टेकड्यांच्या खिंडी अडवून घातलेत. एवढी गारगोटी, पण सोन्याच्या बाबतीत बहुतेक वांझ. कारण गारगोटी सोनं बनवत नाही. खोलवरचं तीन-चारशे अंशांचं गरम पाणी भेगांतून वर येतं, त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, विरघळलेली असते आणि सोनंही गंधकाच्या आधाराने विरघळलेलं असतं. लोह भरपूर असलेला खडक भेटला की गंधक लोहाशी जुळतं, सोनामाखी तयार होते आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच खाली बसतं. भेग अचानक उघडून दाब उतरला तरी तेच होतं. म्हणून शिरेपेक्षा (भेगेत साचलेल्या गारगोटीच्या पट्ट्यापेक्षा) तिच्या दोन्ही बाजूंचा खडक आधी पाहावा. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतली शीर काळ्या, लोहयुक्त हॉर्नब्लेंडी खडकात आहे. (ग्वाल्हेरजवळच्या मुरारकडचे खडक लोहाचे आहेत, हा प्रश्न येणारच. लोह हवंच, पण सोनं घेऊन येणारं पाणीही हवं.)

नमुन्यातली चूक शिकलेले लोकही करतात. सगळ्यात देखणा तुकडा उचलायचा, त्याची तपासणी करायची आणि तो आकडा अख्ख्या शिरेला लावायचा. सोनं शिरेत सारखं पसरलेलं नसतं, हातभर अंतरावर आकडा शंभरपट बदलू शकतो. शिरेच्या आडवी, एकसारख्या रुंदीची खाच खोदून नमुना घ्यावा, बाजूच्या खडकाचा वेगळा. भोक पाडलं असेल तर कोनही पाहा: शिरेला ३० अंशांनी छेदणाऱ्या भोकात चार मीटर गारगोटी लागली, तर शीर दोनच मीटर जाड.

धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो दगड, म्हणजे सोनं नव्हे, हे २०२०च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाला कळलं. उत्तर प्रदेशात सोनभद्रला तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी आली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: सुमारे ५२,८०६ टन धातुक, टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम. म्हणजे जेमतेम १६० किलो सोनं.

आणि जुने खड्डे. "आधीच्यांनी सगळं उपसून नेलं" म्हणत लोक पुढे जातात. कोलारला १८०२मध्ये लेफ्टनंट वॉरनने गावकऱ्यांना माती धुऊन सोनं काढताना पाहिलं होतं. १८८०च्या दशकात तिथल्या कंपन्या जवळजवळ बुडाल्या होत्या. मग जुन्या खड्ड्यांच्या खाली खणलं आणि चॅम्पियन शीर हाती लागली. २००१मध्ये खाण बंद झाली तोवर ती तीन किलोमीटरहून खोल गेली होती आणि सुमारे ८०० टन सोनं देऊन बसली होती. मात्र स्वतः खड्ड्यात उतरू नका. १९५७च्या खाण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सोन्यासाठी खणणं गुन्हा आहे, आणि जुन्या खड्ड्यांच्या कडा कायद्याची वाट पाहत नाहीत.

भाच्याच्या पिशवीत अभ्रक निघालं. एका तुकड्याला मात्र गंजाची लाल कड होती. "हा कुठला?" विचारलं तर म्हणाला, "रस्त्यात कुठेतरी, मामा." पिशवीवर जागा, शिरेची दिशा, शेजारचा खडक, काहीच लिहिलेलं नव्हतं. आता रविवारी मार्कर घेऊन पुन्हा जाणार आहे.