शेल आपल्या सोयीचा करण्याआधीची तयारी

शेल म्हणजे टर्मिनलमध्ये आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स चढवलं की बहुतेक जण आधी प्रॉम्प्टचे, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराचे, रंग शोधायला लागतात. रंग सगळ्यात शेवटी करा. आधी एक कागद घ्या आणि कोणती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (नाव आणि त्याची किंमत अशा जोडीत ठेवलेल्या सेटिंग) आपल्याला खरोखर लागणार आहेत ते लिहून काढा. प्रत्येकापुढे एवढंच नोंदवा की ते फक्त शेलला हवंय की शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला. सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना टर्मिनल लावून देताना मी याच यादीने जातो. नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, आणि व्हेरिएबलची नावं बहुतेक मोठ्या अक्षरांत.

आपण कोणत्या शेलमध्ये बसलोय हे पहिल्यांदा बघा. लिनक्सवर बहुधा बॅश असतो, 1989 साली ब्रायन फॉक्सने ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिलेला. मॅकवर 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्याला झेडशेल मिळतो. हे बघायचं कारण म्हणजे सुरू होताना दोघे ज्या सेटिंगच्या फाइली वाचतात त्या वेगळ्या. झेडशेल ‘झेडशेलएन्व्ह’ नेहमी वाचतो आणि ‘झेडशेलआरसी’ फक्त समोर माणूस बसलेला असताना. बॅश लॉगिनच्या वेळी ‘बॅश-प्रोफाइल’, ‘बॅश-लॉगिन’ आणि ‘प्रोफाइल’ या तिघांपैकी जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. साधी टर्मिनलची खिडकी उघडली तर ‘बॅशआरसी’ वाचतो. इथे बरेच जण अडकतात: उबुंटू आपल्याला ‘प्रोफाइल’ देतं, मग एखादा इन्स्टॉलर गुपचूप ‘बॅश-प्रोफाइल’ तयार करतो आणि त्या दिवसापासून ‘प्रोफाइल’कडे कोणी बघतच नाही. म्हणून होम फोल्डरमधल्या लपलेल्या (नावाआधी टिंब असलेल्या) फाइलींची यादी आधीच काढून ठेवा. सगळ्या प्रोग्रामना लागणारी एक्स्पोर्टची (व्हेरिएबल पुढे पाठवणारी) ओळ ‘प्रोफाइल’मध्ये, आणि अलायस (कमांडची टोपणनावं), प्रॉम्प्ट, हिस्टरीच्या (दिलेल्या कमांडच्या नोंदीच्या) सेटिंग ‘बॅशआरसी’मध्ये, अशी वाटणी ठेवली की पुढे शोधाशोध होत नाही.

जी फाइल बदलणार तिची एक प्रत बाजूला ठेवा. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा. एकीत काम करा, दुसरीला हात लावू नका. बदल सेव्ह केल्यावर बॅशला ‘-एन’ लावून ती फाइल तपासायला द्या. तो फाइल चालवत नाही, फक्त कुठे अवतरणचिन्ह किंवा कंस उघडा राहिलाय का ते सांगतो.

लिहिण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यात सूट नाही. बरोबरच्या (=) चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर शेल व्हेरिएबलच्या नावालाच कमांड समजतो. किमतीत जागा असेल, समजा फोल्डरचं नाव ‘गड्डा यात्रा 2024’ आहे, तर ती दुहेरी अवतरणात घाला. वापरतानाही डॉलरवालं नाव ($ लावलेलं व्हेरिएबल) अवतरणातच ठेवा, नाहीतर एका फोल्डरचे तीन तुकडे होतात. एक्स्पोर्ट लावलं तरच ते व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामकडे जातं, आणि जाते ती प्रत. शेलमधून सुरू झालेल्या प्रोग्रामने ती बदलली तरी मूळ शेलला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच व्हेरिएबल्स भरलेली स्क्रिप्ट नुसती चालवून काही होत नाही, ती ‘सोर्स’ करावी लागते, म्हणजे चालू शेललाच वाचायला द्यावी लागते.

पाथला सगळ्यात जास्त वेळ द्या. ही फोल्डरांची ओळ आहे, मधे कोलन. शेल डावीकडून शोधत जातो आणि पहिली सापडेल ती कमांड चालवतो. त्यामुळे तुम्ही बसवलेलं नवं पायथन बाजूला राहून जुनंच का चालतंय, याचं उत्तर बहुधा या क्रमात असतं. ‘टाइप -ए’ आणि पुढे कमांडचं नाव दिलं की पाथमध्ये ती जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागा क्रमाने दिसतात. नवं फोल्डर जोडताना ओळीच्या शेवटी जुना डॉलर-पाथ राहिलाच पाहिजे: पाथ="$होम/बिन:$पाथ". तो गळला तर फाइलींची यादी दाखवणारा एलएस, फाइल बदलायचा नॅनो, काहीच सापडत नाही. तेव्हा घाबरून खिडकी बंद करू नका. सीडी, एको, एक्स्पोर्ट हे शेलच्या अंगातलेच असल्याने चालत राहतात. /युएसआर/लोकल/बिन, /युएसआर/बिन आणि /बिन हे तीन रस्ते हाताने पाथमध्ये भरले की फाइल उघडून दुरुस्त करता येते. आणि चालू फोल्डर दाखवणारा टिंब पाथमध्ये कधीही घालू नका. डाउनलोड केलेल्या झिपमध्ये ‘एलएस’ नावाची फाइल ठेवून कोणीही आपला कोड तुमच्याकडून चालवून घेऊ शकतो.

यानंतर भाषा. आपल्या शहरात ही बाब वरवर सोडून चालत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्याच्या कॉम्प्युटरवर बघा: हजेरीची फाइल मराठीत, कोणाची तेलुगूत, अक्कलकोटकडच्या व्यापाऱ्याचं बिल कन्नडमध्ये. भाषा ठरवणारं लँग व्हेरिएबल नुसत्या ‘सी’वर (कोणतीही खास भाषा नसलेल्या सेटिंगवर) असेल तर एलएस ही नावं 340, 244 अशा आकड्यांच्या माळेत दाखवतो, कारण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीतल्या देवनागरी अक्षराचे बाइट तसेच सुरू होतात. एक खूण लक्षात ठेवा: आकडे किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर आधी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) तपासा, चौकोनी डबे दिसले तर फॉन्ट बसवायचा राहिलाय.

माझा सल्ला असा की लँगला भारतीय इंग्रजी द्या, म्हणजे एररचे मेसेज इंग्रजीत येतात आणि शोधायला सोपे जातात. तारखांसाठी एलसी-टाइमला मराठी द्या, वाराचं नाव मराठीत येईल. त्याआधी ‘लोकेल -ए’च्या यादीत मराठी आहे का ते बघा, नसेल तर ते आधी तयार करून घ्या, नाहीतर पर्लसारखे प्रोग्राम दर वेळी तक्रार करतात. एलसी-ऑल मात्र फाइलमध्ये लिहू नका, ते बाकी सगळ्या सेटिंगना झाकून टाकतं. याद्या लावताना क्रमही तपासा. नुसत्या बाइटच्या क्रमात ळ लगेच ल नंतर येतो, म्हणून ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी लागतं, आपल्या मुळाक्षरांत ळ ह नंतर आहे. पगाराची यादी छापून भिंतीवर लावायची असेल तर हा फरक लोकांच्या लगेच लक्षात येतो.

हिस्टरीची सोय जरूर करा. बॅश मुळात 500 कमांड लक्षात ठेवतो, आणि फाइलमध्ये लिहितो तो शेल बंद होताना. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपची वीज गेली की दिवसभराच्या कमांड गेल्या. प्रॉम्प्ट-कमांड या व्हेरिएबलमध्ये ‘हिस्टरी -ए’ टाका, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर ती लगेच फाइलमध्ये जाते. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ (शेलमध्ये आणि फाइलमध्ये किती कमांड ठेवायच्या) दोन्ही वाढवा. हिस्टकंट्रोलला ‘इग्नोरबोथ’ द्या. मग सुरुवातीला एक स्पेस देऊन लिहिलेली कमांड नोंदली जात नाही.

एडिटर आणि व्हिज्युअल या दोन्हींत तुमचा एडिटर लिहा, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट तोच उघडेल. टीझेड (कुठली वेळ दाखवायची ते) कायमचं लिहायची गरज नाही. सिस्टिम एशिया/कोलकात्यावर असली की झालं. टॉवेलची ऑर्डर जर्मनीची असेल आणि तिथली वेळ हवी असेल तर ‘डेट’च्या आधी टीझेड=युरोप/बर्लिन एवढंच लिहा, ते त्या एका कमांडपुरतं राहतं. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्सी (इंटरनेटला जायचा मधला सर्व्हर) असेल तर एचटीटीपी-प्रॉक्सी हे नाव लहान अक्षरांत लिहा, नेटवरून फाइली आणणारा कर्ल मोठ्या अक्षरांतलं वाचत नाही.

पासवर्ड आणि टोकन या फाइलींत नकोत. एक्स्पोर्ट केलेली गोष्ट त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या हाती जाते, आणि ‘बॅशआरसी’ हौसेने गिटवर टाकणारे पुष्कळ आहेत. वेगळी फाइल करा, परवानगी 600 (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी) द्या आणि लागेल तेव्हाच सोर्स करा.

आता रंग करा. बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये रंगाचे कोड उलट्या रेघेच्या चौकोनी कंसात, म्हणजे \[ आणि \] यांच्यामध्ये, गुंडाळा, नाहीतर लांब कमांड स्वतःवरच चढते. प्रॉम्प्ट ठरवणारं पीएस-1 एक्स्पोर्ट करू नका, ते शेलचं खासगी काम आहे.

तपासणी जुन्या खिडकीत करू नका. लॉगआउट करून परत या आणि व्हेरिएबल्स दाखवणाऱ्या ‘एन्व्ह’ची यादी कागदाशी ताडून बघा. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडो यातलं बरंचसं पुसून टाकतो, हे धरून चाला. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा क्रॉन तर ‘प्रोफाइल’ही वाचत नाही आणि ‘बॅशआरसी’ही नाही, त्याचा पाथ अगदी तुटपुंजा असतो. रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट असेल तर पाथ आणि लँग तिच्या सुरुवातीलाच लिहा, आणि सकाळी बॅकअपची फाइल उघडून तेलुगू-कन्नड नावं शाबूत आलीत का ते बघा.