डोमेन कंट्रोलर सापडत नाही? संगणक डोमेनमधून काढण्यापूर्वी या चुका टाळा

कार्यालयातील विंडोज संगणक बहुधा एका डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या गटात, असतात. त्या डोमेनशी संपर्क होत नसल्याचा संदेश पडद्यावर आला, की अनेक ठिकाणी उपाय आधीच ठरलेला असतो: संगणक डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये (डोमेनशिवायच्या स्वतंत्र मांडणीत) टाकायचा, रीस्टार्ट करायचा आणि पुन्हा डोमेनला जोडायचा. हा उपाय अधूनमधून लागू पडतो आणि म्हणूनच तो सरसकट केला जातो. मात्र ज्या संगणकाला डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि ओळख तपासणारा डोमेनचा सर्व्हर) मुळात सापडतच नाही, तो डोमेनमधून बाहेर पडू शकतो, परत आत येऊ शकत नाही. त्यातच स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसेल, तर त्या यंत्रात लॉगिन करण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून पडद्यावरचा संदेश आधी नीट वाचावा. डोमेनशी संपर्क होऊ शकला नाही, याचा अर्थ कंट्रोलर सापडला नाही. ट्रस्ट रिलेशनशिप (संगणक आणि डोमेन यांच्यातील विश्वासाचे नाते) तुटल्याचा संदेश बहुधा कंट्रोलर सापडला, पण त्याने या संगणकाची ओळख मान्य केली नाही, असे सांगतो. दोन्ही बिघाड वेगळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. लॉगिन झाले म्हणजे संपर्क आहे, हेही गृहीत धरू नये; विंडोज पूर्वी लॉगिन केलेल्यांची ओळख साठवून ठेवते, अशा साठवलेल्या ओळखींची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १० असते, आणि नेटवर्कची केबल काढलेली असतानाही त्या आधारे आत जाता येते.

कंट्रोलर सापडत नसेल, तर पहिला संशय डीएनएसवर (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर) घ्यावा. येथे सर्वाधिक फसवणूक पिंग (एखाद्या पत्त्याकडून उत्तर येते का, हे पाहणारी चाचणी) करते. कंट्रोलरचा आयपी पत्ता पिंगला उत्तर देतो, म्हणून नेटवर्क ठीक आहे असा निष्कर्ष काढला जातो. पण संगणक कंट्रोलर शोधतो तो डीएनएसमधील एसआरव्ही नोंदींवरून (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या नोंदी), आणि त्या नोंदी मिळतात की नाही याबद्दल पिंग काहीही सांगत नाही. याच कारणामुळे होस्ट्स फाइलमध्ये (संगणकावरील नावे आणि पत्ते यांच्या यादीत) कंट्रोलरचे नाव लिहून ठेवण्याचाही उपयोग होत नाही, कारण त्या फाइलमध्ये एसआरव्ही नोंद करताच येत नाही. एनएलटेस्ट ही आज्ञा डीएसगेटडीसी या पर्यायासह आणि डोमेनचे पूर्ण नाव देऊन चालवावी. कंट्रोलर खरोखर सापडतो का, हे तीच सांगते.

डीएनएसच्या चुकांतील सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘असू द्या सोबतीला’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक सर्व्हर भरणे. पहिल्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही, तर विंडोज दुसऱ्याला विचारते. सार्वजनिक सर्व्हरला अंतर्गत डोमेन ठाऊक नसल्यामुळे तो ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे कळवतो, आणि हे विंडोजच्या लेखी पूर्ण उत्तर असल्याने शोध तेथेच थांबतो. परिणामी बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही आणि तपास भलत्याच दिशेला जातो. डोमेनमधील संगणकाला फक्त डोमेनच्या नोंदी जाणणारे डीएनएस सर्व्हर द्यावेत; बाहेरच्या नावांचे प्रश्न पुढे पाठवण्याचे काम त्या सर्व्हरवरील फॉरवर्डरचे आहे. राउटरने आयपीव्ही६ मार्गे परस्पर स्वतःचा डीएनएस दिला आहे का, तेही पाहावे.

घड्याळाकडे दुर्लक्ष होते ते केवळ ही गोष्ट क्षुल्लक वाटते म्हणून. डोमेनमध्ये ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत मूळ सेटिंगनुसार संगणक आणि कंट्रोलर यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. शेअर फोल्डर नावाने उघडत नाही, पण आयपी पत्त्याने उघडतो, असे दिसले तर घड्याळ जरूर तपासावे, कारण आयपी पत्ता दिल्यास विंडोज सहसा कर्बेरॉसऐवजी एनटीएलएम ही ओळख पटवण्याची जुनी पद्धत वापरते. वेळ हाताने दुरुस्त करून निघून जाणे मात्र पुरेसे नाही; मदरबोर्डवरील बॅटरी संपली असेल किंवा व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने दुसऱ्या यंत्रावर चालवलेला संगणक) त्या यंत्राकडून, म्हणजे होस्टकडून, चुकीची वेळ घेत असेल, तर बिघाड परत येतो.

फायरवॉल पूर्ण बंद करून पाहणारे ती पुन्हा सुरू करायला विसरतात, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा ५३, ८८, १३५, ३८९, ४४५ आणि ४६४ हे पोर्ट, तसेच आरपीसीसाठी (दुसऱ्या यंत्रावरील सेवेला काम सांगण्याच्या पद्धतीसाठी) ४९१५२ ते ६५५३५ ही मालिका तपासावी. ३८९ केवळ टीसीपीवर तपासून थांबू नये, कारण कंट्रोलर शोधताना त्याच क्रमांकाचा यूडीपी पोर्ट लागतो. नेटलॉगऑन या कंट्रोलरशी संपर्क ठेवणाऱ्या विंडोज सेवेची, इव्हेंट लॉगमधील ५७१९ क्रमांकाची नोंद फक्त संगणक सुरू होताना येत असेल आणि नंतर सारे सुरळीत चालत असेल, तर बहुधा नेटवर्क उशिरा जागे होत आहे, एवढाच तिचा अर्थ.

आता ट्रस्टविषयी. संगणक ३० दिवस बंद राहिला की डोमेनमधून गळतो, हा समज चुकीचा आहे. डोमेनमध्ये संगणकाच्या स्वतःच्या खात्यालाही पासवर्ड असतो आणि मूळ सेटिंगनुसार तो ३० दिवसांनी बदलतो; पण बदलण्याची सुरुवात संगणकच करतो. तो बंद असेल, तर जुना पासवर्ड चालू राहतो. ट्रस्ट तुटण्यामागे व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर (साठवून ठेवलेल्या पूर्वस्थितीवर) नेणे किंवा दुसऱ्या संगणकाला तेच नाव देऊन डोमेनला जोडणे, अशी कारणे अधिक असतात. अशा वेळी स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेलमध्ये टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा रिपेअर या पर्यायासह आणि अधिकार असलेल्या डोमेन खात्याने चालवावी. संगणक डोमेनबाहेर काढावा लागत नाही.

तरीही पुन्हा जोडण्याची वेळ आलीच, तर स्थानिक पासवर्डने आधी प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील (डोमेनमधील खात्यांच्या नोंदवहीतील) संगणकाचे खाते डिलीट न करता रीसेट करावे. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटनंतर जुने खाते पुन्हा वापरण्यावर निर्बंध आले आहेत, त्यामुळे ते डिलीट करण्याचा मोह होतो. परंतु डिलीट केल्यास त्याचे गट-सदस्यत्व जाते आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोज सुविधेची) रिकव्हरी की त्या खात्याखाली साठवलेली असल्यास तीही त्याच्याबरोबर जाते.