जुनं ग्राफिक कार्ड ठेवावं की काढावं? माझ्या डीटीपीच्या मशीनवरून सांगते

कराडात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सणासुदीला फ्लेक्स. दिवसभर कोरलड्रॉ आणि फोटोशॉप उघडं असतं, आणि रात्री जेवणं झाली की त्याच मशीनवर मुलगा व्हॅलोरंट खेळतो. चौथ्या पिढीचा आय-५ आणि जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, यावर आम्ही खूप वर्षं काढली. मग ऐन लग्नसराईत मदरबोर्ड गेला आणि नवं मशीन घेणं भाग पडलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेतला. त्याच्या पोटातच वेगा ७ ग्राफिक्स आहे. तेव्हा प्रश्न आला: चालू स्थितीतलं जुनं कार्ड नव्या बोर्डात लावायचं, की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच भागवायचं?

तुमच्यापुढेही हाच प्रश्न असेल तर आधी प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या नावापुढे एफ असेल, जसं आय-५ १२४००एफ, तर आत ग्राफिक्स नाही आणि कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. रायझनच्या ५००० मालिकेत जी असेल तरच ग्राफिक्स असतं. पुढच्या ७००० मालिकेत बहुतेकांना आहे, पण ते जेमतेम डिस्प्लेपुरतं. ८६००जी, ८७००जी यांचं मात्र दणकट आहे.

आता जुनं कार्ड. लोक फक्त "किती जीबीचं?" एवढंच विचारतात. मी तीन वेगळ्या गोष्टी बघायला सांगेन.

पहिली, मेमरीचा वेग. माझ्या ७५० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ८६.४ जीबी डेटा हलवते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅमवर जगतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जीटी ७१० ची डीडीआर३ मेमरी देते फक्त १४.४. म्हणजे ते "वेगळं कार्ड" लावून तुम्ही मशीन मागे ओढता. तेवढ्या पैशांत दुसरी रॅम घ्या.

दुसरी, फीचर लेव्हल, म्हणजे विंडोजमधली ग्राफिक्सची कोणती कामं कार्डाला जमतात याची पातळी. विंडोजच्या शोधात "डीएक्सडायग" इंग्रजीत टाइप करा, डिस्प्लेच्या पानावर ती दिसते. ७५० टीआय २०१४ चं, ते ११_० वर थांबतं. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांना १२_० लागते. माझ्या धंद्यासाठी निकाल इथेच लागला. वेगा ७ ही अट आरामात पूर्ण करतं.

तिसरी, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हिडिओ. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीचे, म्हणजे ७५० टीआय आणि १०५० टीआय या दोन्हींचे, नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. कार्ड लगेच बंद पडत नाही, पण नवा गेम अडला तर दुरुस्ती येणार नाही. शिवाय यूट्यूब ज्या व्हीपी९ पद्धतीने व्हिडिओ पाठवतं ती ७५० टीआयला स्वतः उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. वेगा ७ ला ती येते. त्यापुढची एव्ही१ मात्र त्यालाही येत नाही. ती इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या ग्राफिक्सला येते.

एवढं वाचून मी कार्ड काढून ठेवलं, आणि पहिल्याच रात्री मुलगा म्हणाला, "आई, जुनंच बरं होतं गं, हे अडखळतंय."

मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. तिथे दोन ओळी होत्या: स्पीड २६६६, स्लॉट चारपैकी एक. दुकानदाराने १६ जीबीची एकच स्टिक लावून दिली होती, आणि माझं बिल वाचायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बदलून ८-८ च्या दोन आणल्या. चार खाचांच्या बोर्डात त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, शेजारी-शेजारी नाही. नेमकी जागा बोर्डाच्या पुस्तिकेत असते. दोन्ही बाजूंचे खटके "टक्" करून बसेपर्यंत दाबल्या. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं, तेव्हा स्पीड ३२०० दाखवू लागला. त्याच बायोसमध्ये "यूएमए फ्रेम बफर साइज", म्हणजे ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची रॅम, असते, ती २ जीबी ठेवली. विंडोजला आता १६ पैकी १३.९ जीबीच वापरायला मिळतात, म्हणून एकूण ८ जीबी रॅमवर हा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही. त्या रात्री मुलाने तासभर खेळून मान डोलावली. ७५० टीआय आणि वेगा ७ मध्ये गेमला उन्नीस-बीसचा फरक आहे, पण तो दोन स्टिक असतील तरच.

प्रत्येकाचं उत्तर माझ्यासारखंच येईल असं नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या आय-५ १२४०० मधलं यूएचडी ७३० गेमसाठी वेगा ७ पेक्षा बरंच कमी आहे. तिथे घरात पडलेलं ७५० टीआय गेमपुरतं अजून उपयोगी आहे. आणि तुमच्याकडे जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी किंवा आरएक्स ५७० असेल तर ते काढूच नका. १०५० टीआयची मेमरी ११२ जीबी वेगाची, आणि ते ७५ वॅटमध्ये चालतं, बहुतेक मॉडेलना एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ५७० त्याहून जोरदार, पण १५० वॅट खातं. रोज चार तास पूर्ण ताकदीने खेळलात तर महिन्याला १८ युनिट त्या एका कार्डाची. जुना, बिननावाचा एसएमपीएस असेल तर त्याच्या भरवशावर हे कार्ड लावू नका.

विकतचं जुनं कार्ड घेणार असाल तर जरा थांबा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. भावासाठी आम्ही एक "आरएक्स ५८०" पाहिलं. डबा चकचकीत, पंखे पुसलेले. मी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, नेलं होतं. शेडरच्या (कार्डातल्या गणित करणाऱ्या घटकांच्या) रकान्यात २०४८ आकडा आला. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ वालं ताकदीने ५७० च असतं, आणि भाव मात्र ५८० चा सांगितला होता. विकणाऱ्याला आकडा दाखवला, त्याने भाव उतरवला, तरी आम्ही परत आलो. तुम्हीही हा रकाना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदललेली बनावट कार्डं जीपीयू-झेड बहुतेकदा ओळखतं आणि नावाआधी "फेक" दाखवतं. नंतर पंधरा-वीस मिनिटं भार देऊन चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा आल्या तर बहुधा मेमरी गेलेली आहे.

बसवताना दोनच गोष्टी सांभाळा. कार्ड लावलं तर मॉनिटरची केबल कार्डाला, काढलं तर बोर्डाला. "नो सिग्नल"ची तक्रार घेऊन येणाऱ्यांची केबल बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. आणि ५६००जी जुन्या साठ्यातल्या बी४५० बोर्डावर लावणार असाल तर बायोस दुकानातच अपडेट करून घ्या, नाहीतर मशीन डिस्प्लेच देणार नाही.

माझं ७५० टीआय मी अँटीस्टॅटिक पिशवीत घालून काढल्याच्या तारखेसह ठेवलंय. परवा शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या मशीनला डिस्प्ले येत नव्हता, तेव्हा ते लावून पाहिलं आणि पाच मिनिटांत कळलं की दोष त्यांच्या कार्डात होता, बोर्डात नाही.