खाण्यात, औषधात गडबड निघाली? तक्रार करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात पनीरच्या सीलबंद पाकिटात बुरशी निघाली, आईने शीऽऽ म्हणत पाकीट उचलून कचऱ्यात टाकलं, सकाळी घंटागाडी घेऊन गेली आणि मी तावातावाने तक्रार लिहायला बसलो तर बॅच नंबरवरच अडलो. राहिली ती तक्रार. म्हणून सांगतो, वेष्टन फेकू नका. उरलेला माल पाकिटासकट फ्रीजमध्ये ठेवा, सगळ्या बाजूंचे फोटो काढा, बिल जपा.

गोळ्यांचं तर अजून अवघड. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो आणि बॅच, एक्स्पायरी छापलेलं टोक नेमकं त्याच्याकडेच राहतं. तिथेच फोटो काढून घ्या आणि पक्कं बिल मागा. पूर्ण स्ट्रिप असेल तर छापलेल्या बाजूची गोळी सगळ्यात शेवटी फोडायची, एवढी सवय घरात सगळ्यांना लावा.

हे एवढं का सांगतोय? ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, तेव्हा महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, कोल्ड्रिफ सिरपची एसआर-१३ ही बॅच वापरू नका असं कळवलं होतं. बाटलीवरचं लेबल फाटलेलं असेल तर आईबापांनी ओळखायचं कसं?

उलटी चूकही होते. सीडीएससीओ ही केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला औषधांच्या नापास नमुन्यांची यादी काढते, ऑगस्ट २०२४ च्या यादीत ५३ औषधं होती, ती व्हॉट्सॅपवर फिरली आणि लोक बीपीच्या गोळ्यांना घाबरायला लागले. अहो, नापास होते ती त्या कंपनीची ती बॅच, अख्खं औषध नाही. आपली बॅच जुळवून बघा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर दिसला की माल चांगलाच, असंही नाही, तो फक्त लायसन्स किंवा रजिस्ट्रेशनचा नंबर आहे. आणि शुगर कमी करणाऱ्या कॅप्सूलच्या डबीवर तो नंबर असेल तर ते औषध नाहीच, फूड सप्लिमेंट आहे, औषध म्हणून वापरू नये असं बारीक अक्षरात त्यावर छापलेलंही असतं. त्याच्या भरवशावर कुणाची चालू गोळी सोडवू नका, प्लीज.

महाराष्ट्रात खाणं आणि औषध दोन्हीची तक्रार राज्याच्या एफडीएकडेच जाते, टोल फ्री १८००२२२३६५. गोळीने अंगावर पुरळ वगैरे उठलं तर मात्र औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या १८००१८०३०२४ या हेल्पलाइनवर कळवायचं, पेशंट स्वतःही कळवू शकतो.

आणि भेसळीचा संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली फी भरून तुम्ही स्वतः नमुना तपासून घेऊ शकता, नमुना नापास झाला तर फी परत मिळते. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हे तपासणीला देणार आहे, घरी आणून मग ठरवलं तर चालत नाही.