किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे, न आलेल्यांच्या फर्माइशींसकट

पाच जणांच्या गाडीत सहावं माणूस बसत नाही, आणि कोकणात उतरलं की नेमकं सहावं, सातवं, आठवं माणूस आठवायला लागतं. आमच्याकडे सासूबाईंची कंबर तासाभरापलीकडे गाडीत बसू देत नाही. दादा स्टुटगार्टला. भाची दहावीत, म्हणून तिच्यासोबत बहीणही घरात जेरबंद. आणि बाबा आता नाहीत. म्हणजे गाडीत आम्ही दोघं आणि दोन पोरं, मागची एक जागा पिशव्यांना, आणि दर दहा मैलांवर कुणीतरी म्हणणार, 'अगं, आई असत्या तर!' हे एकदा सुरू झालं की न आलेल्याला काही मिळत नाही आणि आलेल्यांचा विरस होतो, तो वेगळाच. त्यामुळे मी आता सहल आखतानाच या मंडळींची सोय लावते. पुण्याहून ताम्हिणीने उतरून किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत, आणि आंबा घाटाने कोल्हापूरवरून परत, या वाटेवर ती कशी लावायची ते सांगते. तीन मुक्काम हाताशी हवेत. दोनात कोंबू नका.

आधी फर्माइशी

निघायच्या दोन-तीन आठवडे आधी घरी राहणाऱ्या प्रत्येकाला फोन करा. 'तुमच्यासाठी काय आणू?' असं मात्र विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, 'काही नको गं, नीट जा, नीट या.' त्याऐवजी विचारा, 'तुमच्यासाठी काय बघून येऊ?' मग माणसं खरं बोलतात.

सासूबाई लगेच म्हणाल्या, 'हेदवीला बामणघळीत पाणी अजून तसंच उडतं का, बघ. लग्नानंतर गेलो होतो तेव्हा माझी नवी साडी भिजवली होती त्याने.' दादा म्हणाला, 'पुळ्याला सूर्य बुडताना फोन लाव. फोटो पाठवू नका, फोटो मला नेटवरही दिसतात.' भाचीची मागणी अशी की, गाडी जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्यांसकट खाडी पार करणाऱ्या बोटीवर, चढवतानाचा व्हिडिओ हवा आणि त्यात काकांचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि वेळापत्रक या कागदावरून बनवा. आधी हॉटेलं बुक करून मग यांच्या मागण्या कुठेतरी घुसडायला गेलात तर एकही धड होत नाही. आमच्या कागदावर दोन गोष्टींना घड्याळ होतं, हेदवीची भरती आणि पुळ्याचा सूर्यास्त. बाकी सगळं त्यांच्याभोवती आपोआप बसलं.

भरतीचं गणित

बामणघळ म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळाला पडलेली अरुंद भेग. लाट आत शिरते, कोंडते आणि वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि माणसं 'एवढंच?' म्हणून परत फिरतात. म्हणून भरतीची वेळ धरायची.

त्याला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुष्कळ झालं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा जोर कमी.

मी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरते. तेव्हा भरती साडेअकरा-बाराला येते. म्हणजे सकाळी गुहागरहून आरामात निघून आधी हेदवीचा दशभुजा गणपती, मग बारापर्यंत बामणघळ, जेवण, तवसाळहून जंगलजेट्टीने जयगड, आणि सूर्य बुडायच्या आत गणपतीपुळे. सासूबाईंची आणि दादाची फर्माइश एकाच दिवसात बसते.

घळीच्या काठावर मात्र कुणालाही जाऊ देऊ नका. कातळ शेवाळलेला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. आम्ही देवळाच्या बाजूलाच, लांब उभे राहतो. आवाज तिथवर येतो. पावसाळ्यात तर हा कार्यक्रमच नको.

आता वाट

पहाटे निघा. मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. माणगावला मुंबई-गोवा हमरस्त्याची गर्दी लागते. सुट्टीच्या दिवशी उशीर केलात तर तिथेच ऊन चढतं. पुढे म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. टाकी म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला भरून घ्या, नंतर दापोली आणि गुहागर येईपर्यंत 'पुढे बघू' म्हणत बसू नका. घाटाआधी मुलांना दूध पाजू नका. कोरडी पोळी, आवळासुपारी, खिडकीची काच खाली.

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. ही पहिली जंगलजेट्टी. दुसरी दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीच्या खाडीवर. तिसरी तवसाळ ते जयगड, शास्त्रीच्या. खाड्या टाळायच्या म्हटल्या तर प्रत्येक वेळी आत वळून मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि मुलांना या सहलीतलं सगळ्यात जास्त आठवतं ते हेच, देवळं नाही. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

गाडी चढताना नाहीतर उतरताना मागे घ्यावी लागते. भाचीसाठी मी आधीच उतरून समोर उभी होते. जेट्टीवरचा पोरगा बॉनेटवर थाप मारत ओरडत होता, 'येऊ द्या, येऊ द्या, काट मारा, अजून मारा!' नवऱ्याची मान एकदा डाव्या आरशाकडे, एकदा उजव्या. मागे खाडीचं पाणी, शेजारी टेम्पो, आणि टेम्पोतली कोंबडी त्याच्याकडे टक लावून बघत होती. गाडी जागेवर लागली, तेव्हा पोरगा म्हणाला, 'बास झालं, आता श्वास घ्या.' हे सगळं व्हिडिओत आलंय आणि भाचीने ते किती जणांना दाखवलं असेल याचा हिशोब नाही. तुम्ही गाडी लावून झाली की हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सगळे बाहेर या. काच बंद करून आत बसणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

वेसवीहून केळशीवरून आंजर्ल्याला. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की आपणच मागे व्हायचं. पहिला मुक्काम मी आंजर्ल्याला किंवा त्याच्या आसपास धरते. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा आहे, आणि टेकडीवरून समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. युनेस्कोने 2025मध्ये महाराजांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात हाही आहे. मुलांना तिथेच उभं करून सांगा, गाडीत सांगितलेला इतिहास घाटात सांडतो.

आसूदचं केशवराज देऊळ करायचंच. पोफळींच्या सावलीतून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, मग चढ. गुडघे दुखणाऱ्यांना झेपणार नाही. अशा जागी 'आई असत्या तर' म्हणायचं नाही. असत्या तर त्या गाडीतच बसल्या असत्या. गुहागर, वेळणेश्वर यांबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे, मी इथे त्यावर लिहीत बसत नाही.

जेवणाचं एवढंच की निघण्याआधी दोन-तीन तास फोन करून सांगा, 'चार माणसं, दोन शाकाहारी.' कोकणातल्या घरगुती खानावळीत माणसं मोजून रांधतात. न सांगता दोन वाजता टपकलात तर भात संपलेला असतो. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या रात्रीच सांगा.

जे कधीच येणार नाहीत

बाबांची फर्माइश विचारता येत नाही. पण गाडीत त्यांचं एक खातं होतं: मैलाचे दगड. पुढच्या सीटवर बसून प्रत्येक दगड मोठ्याने वाचायचे, घड्याळ बघायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, 'या वेगाने दाभोळ साडेदहाला. मी म्हणतो म्हणून लिहून ठेव.' पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, हे मला पाठ्यपुस्तकाच्या आधी त्यांच्याकडून कळलं. मोबाइलवर बाई रस्ता सांगायला लागल्यापासून ते दगड कुणी वाचत नाही. आता मी ते खातं लेकीला दिलंय. ती दगड वाचते, अंदाज सांगते, आणि चुकली की 'आबांच्या वेळी रस्ता चांगला असेल' म्हणून हात झटकते.

गेलेल्या माणसाचं एखादं काम उचला आणि गाडीतल्या कुणाला तरी द्या, शक्यतो सगळ्यात लहानाला. त्यांच्या आवडत्या जागी पोचल्यावर भाषण मात्र नको. हर्णैला संध्याकाळी होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. बाबा तो लिलाव सबंध ऐकायचे, बोली कुणी चढवली यावर शेरे मारायचे आणि शेवटी बाजूला बसलेल्या कोळणीकडून बांगड्याचा एक वाटा घ्यायचे. आम्हीही तेवढंच करतो. धाकट्याने विचारलं, 'आबांना महाग मासा परवडायचा नाही का?' तर मी सांगितलं, परवडायचा, पण त्यांना काटे आवडायचे. बोलणं तिथून दुसरीकडेच गेलं, आणि तेच बरं.

फोन आणि आवाज

घरी राहिलेल्यांना रोज रात्री एकच फोन, तोही त्यांची मालिका संपल्यावर. दर थांब्यावर व्हिडिओ कॉल लावलात तर त्यांना हलणारं आभाळ आणि आपल्या नाकपुड्या दिसतात. खाड्यांमध्ये रेंज जाते, ते त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे तुम्ही जंगलजेट्टीवर मजेत आणि तिकडे सासूबाई देव पाण्यात घालून बसलेल्या.

सासूबाईंसाठी मी घळीचा नुसता आवाज घेतला. मिनिटभर, कुणीही बोलायचं नाही, या अटीवर. वाऱ्याकडे पाठ करायची आणि फोनच्या माइकवर रुमालाचा एक पदर धरायचा, म्हणजे घोंगावणं कमी येतं. परत आल्यावर त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, 'हो, हेच ते. साडीचं नुकसान भरून कोण देणार?'

दादाला मात्र ताजंच हवं होतं. जर्मनीचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेतीन. डिसेंबरात पुळ्याला सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, तेव्हा त्याच्याकडे दीड, जेवणाची सुट्टी. फोन चपलांच्या ढिगावर टेकवून ठेवला, हातात धरला नाही, आणि आम्ही बाजूला बसलो. त्याच्या बाजूने सूप पिण्याचा आवाज येत होता. मुलं पाण्यात गेली की घोट्यापर्यंतच. पुळ्याचा समुद्र पोहायचा नाही.

परतताना

मंदिरामागच्या डोंगराची प्रदक्षिणा सकाळी उन्हाच्या आत उरका. मग आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरी, हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर आणि हमरस्त्याने पुणे. हा पूर्ण दिवस गाडीत जातो, त्यात काही बघायचं धरू नका. कोकम आगळाच्या बाटल्या डिकीत उभ्या ठेवून बाजूने टॉवेल कोंबा. आंबापोळी, फणसपोळी नावं घालून वेगवेगळ्या पिशव्यांत. घरी येऊन वाटण्या करायला गेलं की मुलं अर्धी संपवतात. फोटो प्रत्येकाला त्याच्या फर्माइशीचाच पाठवा, सगळे फोटो ग्रुपवर ओतलेत तर कुणीच बघत नाही.

आणि ज्यांना गाडी सोसत नाही पण चार पावलं चालता येतं, त्यांना कोकण रेल्वेने बोलावून घ्या. जनशताब्दी चिपळूणला थांबते, रत्नागिरीला थांबते. मध्येच उठून दोन फेऱ्या मारता येतात, हे कंबरवाल्यांना फार महत्त्वाचं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत लगेच भरतं, तेव्हा तारीख ठरली की आधी हे करा, हॉटेलं नंतर. पुढच्या खेपेला नणंद सासूबाईंना पनवेलला बसवून देणार आहे. सासूबाईंनी अटी घातल्यात: खिडकी समुद्राच्या बाजूची हवी, आणि रत्नागिरीला डब्यापाशी दोघांनीही यायचं. एकाने मला धरायचं, दुसऱ्याने लाडवांचा डबा.