ब्रास बँडसाठी लिहायचंय? आधी वादकांचा दम ओळखा

नोकरीसाठी झुरिकला आलो तेव्हा बँड म्हटलं की मला वरातच आठवायची. एका संध्याकाळी गावातल्या बँडच्या तालमीला जाऊन बसलो आणि पाय निघेना. आज मी त्यांच्यासाठी लिहितो. या वाटेला नव्याने येणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली अडचण कागदावरच येते. बँडमध्ये २५ पितळी वाद्यं आणि जोडीला तालवाद्यं. सनई-बासरीच्या जातीचं एकही नाही. बास ट्रॉम्बोन सोडला तर पितळी वाद्यांचे सगळे वादक ट्रेबल क्लेफमध्येच, म्हणजे वरच्या सुरांसाठीच्या लिपीत वाचतात, अगदी खर्जातला ट्यूबासुद्धा. त्यामुळे कॉर्नेट म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य वाजवणाऱ्याला उद्या मोठं, जाड आवाजाचं युफोनियम दिलं तरी बोटं तीच राहतात. लिहिणाऱ्याला मात्र हिशेब करावा लागतो. कागदावर पांढरी एक लिहिली की कॉर्नेटमधून काळी पाच ऐकू येते, टेनर हॉर्नमधून काळी दोन. पहिले काही महिने मी हार्मोनियम शेजारी घेऊनच बसायचो.

दुसरी चूक जास्त लागली. माझ्या पहिल्या रचनेत मुख्य कॉर्नेटला कुठे उसंतच नव्हती. वादकाने अर्ध्यात वाद्य खाली ठेवलं आणि नुसतं ओठांकडे बोट दाखवलं. मला फार अपराधी वाटलं.

तेव्हा मी स्विस संगीतकार ओलिव्हर वेस्पी यांच्या रचनांकडे वळलो. जन्म १९७१, झुरिकचा. शिक्षण तिथे आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत. पुढे बर्नच्या कला विद्यापीठात अध्यापन. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो इथल्या २०११ च्या युरोपियन ब्रास बँड स्पर्धेसाठी त्यांची ‘ऑडिव्ही मीडिया नोक्टे’ ही रचना नेमली होती. नावाचा अर्थ ‘मध्यरात्री मी ऐकलं’. मूळ धागा सोळाव्या शतकातले इंग्रज संगीतकार थॉमस टॅलिस यांच्या संगीताचा. नेमलेली रचना म्हणजे सगळे बँड तेच वाजवणार आणि परीक्षक बहुतेकदा आडोशामागे बसून फक्त ऐकणार. तिथे रचनेतलं कच्चेपण लपत नाही.

ही रचना स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत, समोर ठेवून ऐका, पण सुरावटीच्या मागे लागू नका. एकेक वाद्य धरून ते कधी गप्प बसतं तेवढंच पाहा आणि त्या जागांवर पेन्सिलीने खुणा करा. मग तीच पेन्सिल घेऊन स्वतःच्या रचनेकडे या. मी तसंच केलं. कॉर्नेटच्या ओळीतला मोठा भाग फ्लुगलहॉर्नला, म्हणजे कॉर्नेटच्याच जातीच्या मऊ आवाजाच्या वाद्याला दिला आणि नवी पानं घेऊन पुन्हा तालमीला गेलो.