कार सीटमध्ये झोपलेल्या बाळाची मान पुढे पडत असेल तर

गाडीत झोप लागली की बाळाची हनुवटी छातीला टेकते. हे नुसतं अवघडलेपण नाही. तान्ह्या बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, मान अशी दुमडली की श्वास अडू शकतो. म्हणून मानेखाली उशी घालण्याआधी सीटचा कोन बघा. मागे तोंड करून बसवायच्या बहुतेक सीटच्या बाजूला कलदर्शक रेघ किंवा बुडबुडा असतो. गाडी सपाट जागी उभी करूनच तो तपासा, उतारावर तो चुकीचा दिसतो. नवजात बाळासाठी सीट साधारण ४५ अंशांपर्यंत कललेली लागते. सीट फारच उभी राहत असेल आणि माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तरच तिच्या बुडाखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा. बाळाच्या पाठीमागे किंवा खाली मात्र काहीही नको.

पट्टे झोपेसाठी सैल करू नका, सैल पट्ट्यातच बाळ खाली घसरतं आणि मान वाकते. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून आवळा. जाड जॅकेट काढा, पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला, तोंड उघडं ठेवून.

बाजारात सुट्या मिळणाऱ्या मानेच्या उशा टाळा. सीटसोबत आलेली गादीच वापरा.

दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा. मुक्कामी पोचल्यावर, झोपमोड झाली तरी चालेल, त्याला सपाट अंथरुणावर उताणं झोपवा.